काठावरचे चेहरे अस्पष्ट का?

जालना, अंबड, भोकरदनकडच्या अनेक घरांत जुना ग्रुप फोटो असतो. मधोमध खुर्चीवर बसलेल्या आजोबांच्या मिशीचा केस न् केस दिसतो. टोकाला उभी असलेली मुलं, गडीमाणसं मात्र धूसर. ‘हलली असतील’ असं आपण म्हणून टाकतो. मला वाटतं, पुष्कळदा दोष त्यांचा नसतो, भिंगाचा असतो.

साध्या भिंगाला सपाट चित्र उमटवता येत नाही. त्याचं स्पष्ट चित्र परातीसारख्या खोलगट पृष्ठावर पडतं. काच किंवा फिल्म मात्र सपाट. मध्य जुळवला की काठ निसटतात, काठ जुळवले की मध्य. यालाच क्षेत्रवक्रता म्हणतात. व्हिएन्नात जोसेफ पेट्झवाल यांनी १८४० मध्ये पोर्ट्रेटसाठी भरपूर प्रकाश घेणारं भिंग रचलं. त्याचा मध्य लखलखीत होता, काठ मात्र वक्रतेमुळे ढासळत. या वक्रतेचं गणितही पुढे त्यांनीच मांडलं. फोटोग्राफरांनी त्यावर साधा तोडगा काढला : माणसांची रांग किंचित कमानीत बसवायची, टोकाच्या मंडळींना कॅमेऱ्याकडे थोडं पुढे घ्यायचं.

माणसं हलवता येतात, पण लेणी कशी हलवणार? आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेकडील डोंगररांगेतल्या अजिंठ्याला मद्रास लष्करातले रॉबर्ट गिल १८४४ पासून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होते. १८५६ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह त्यांची लेण्यांची छायाचित्रं १८६४ मध्ये पुस्तकरूपात आली. दोनच वर्षांनी लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यांच्या बहुतेक रंगीत प्रतिकृती जळाल्या. अशा वेळी जुनं छायाचित्र हाच पुरावा ठरतो. पण त्या काळच्या कुठल्याही छायाचित्रात काठावरचा खांब धूसर दिसला, म्हणून तो झिजला होता असं मी लगेच म्हणणार नाही. आधी भिंगाची परात आठवेन.

परात सपाट करायला नव्या प्रकारची काच हवी होती. ती जर्मनीतल्या येना इथे १८८६ च्या सुमारास बाजारात आली आणि १८९० मध्ये झाइसच्या पॉल रुडॉल्फ यांनी तिच्या आधारे काठांपर्यंत बरंचसं सपाट चित्र देणारं भिंग रचलं.

तरी प्रश्न संपला नाही. आजच्या वाईड अँगल लेन्समध्येही थोडी वक्रता उरते. लग्नाचे ग्रुप फोटो काढणारे आमचे स्टुडिओवाले दोन लेन्स पारखायला विटांच्या भिंतीचा फोटो काढतात, फोकस मध्यावर ठेवतात आणि कोपरे पाहून निकाल देतात. ही परीक्षा अपुरी आहे. कॅमेरा भिंतीला अगदी समोरासमोर ठेवावा आणि दुसरा फोटो कोपऱ्यावर फोकस करून काढावा. तेव्हा कोपरा स्पष्ट आला, तर लेन्स कमकुवत नाही, फक्त तिचं पृष्ठ वाकडं आहे. तेव्हाही धूसर राहिला, तर दोष दुसरा. आठ किंवा अकराच्या ॲपर्चरला हा फरक बराच झाकला जातो, म्हणून तुलना पूर्ण उघड्या ॲपर्चरलाही करावी. आणि एकच बाजू बिघडलेली दिसली, तर आतली काच सरकल्याचा संशय घ्यावा.

मध्यावर नजर ठेवून सगळ्या चित्राचा निकाल देऊ नये. टोकाला उभी असलेली माणसंही फोटोत यायलाच उभी राहिलेली असतात.