पोलीस शिपायाचे शिक्षण : एक दृष्टिक्षेप

आपल्या गोरेगाव परिसरातील कितीतरी मुले, आणि आता मुलीही, पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. त्यांचा हा उद्योग कौतुकास्पद आहे. परंतु ज्या सेवेत जावयाचे, ती कशी घडत आली, याची माहिती फार थोड्यांस असते. म्हणून समाजबांधवांसमोर हा अल्पसा आढावा ठेवीत आहे.

आपला प्रदेश १८६१ साली स्थापन झालेल्या मध्यप्रांतात मोडत असे. पोलिसांचा कायदाही त्याच वर्षी झाला. १८५७ च्या उठावानंतर लगेच आलेल्या या कायद्यात प्रजेच्या सेवेपेक्षा राज्याच्या बंदोबस्ताकडेच अधिक लक्ष होते. शिपायास कवायत व लाठी आली की पुरे, अशी समजूत होती. गावची बातमी कोतवालाने ठाण्यात पोचवावी. गुन्ह्याप्रमाणे जन्ममृत्यूची वर्दीही तोच देई. जातीच्या दाखल्यासाठी आज आपण ज्या कोतवाल बुकाची नक्कल काढतो, ते याच व्यवस्थेचे अवशेष होय.

पुढे लॉर्ड कर्झन यांनी १९०२ साली पोलीस आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष सर अँड्र्यू फ्रेझर हे आपल्या मध्यप्रांताचेच चीफ कमिशनर राहिलेले होते. पोलीसदल अकार्यक्षम, शिक्षणात अपुरे व लोकांस जाचक आहे, असा स्पष्ट ठपका या आयोगाने ठेवला आणि पोलिसांसाठी स्वतंत्र विद्यालये काढण्याची शिफारस केली. तदनुसार १९०६ साली सागरच्या किल्ल्यात मध्यप्रांताचे विद्यालय सुरू झाले. मुंबई इलाख्याचे विद्यालय १९०९ साली नाशिक येथे आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला, सागर मध्यप्रदेशात राहिले, आणि आपल्याकडील फौजदारांची वाट नाशिककडे वळली. शिपायांसाठी नागपूर व अन्य ठिकाणी प्रशिक्षण केंद्रे आहेत.

या शिक्षणाचे मर्म काय? पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यात होते व नव्या कायद्यातही कायम आहे. अर्थात मारझोड करून खटला उभा राहत नाही. तो उभा राहतो नेटक्या पंचनाम्यावर, जपून ठेवलेल्या मुद्देमालावर आणि खऱ्या साक्षीवर. पंचनामा चुकला तर गुन्हेगार सुटू शकतो, आणि ज्याचे घर फुटले तो गरीब तसाच राहतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांनी झडती व जप्तीचे चित्रीकरण आवश्यक केले आहे. गुन्हा कोठेही घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. ठाण्यातील पहिल्या पायरीवरच्या शिपायाची जबाबदारी यामुळे वाढली आहे.

आपल्या पूर्व सीमेकडील जंगलात तर शिक्षणाचा प्रश्न प्राणांशीच निगडित असतो. गडचिरोलीत १९९० साली सी-६० पथक उभारताना स्थानिक तरुण घेतले गेले, कारण त्यांस रानवाटा व तेथील बोली ठाऊक होत्या. तथापि त्या भूमीने मोठी किंमत घेतली आहे. १ मे २०१९ रोजी जांभूळखेडा येथे भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस जवान व त्यांचा वाहनचालक मृत्युमुखी पडले. तीही कोणा आईबापांची लेकरेच होती.

समाजातील पालकांस एवढीच विनंती की, मुलांचे पाय बळकट करताना त्यांचे वाचन-लेखनही बळकट करावे. भरतीत शारीरिक चाचणीस ५० तर लेखी परीक्षेस १०० गुण आहेत, यातील अर्थ ओळखावा. आपल्या मंडळाने कायद्याच्या सोप्या मराठी पुस्तकांचे एक कपाट ठेवले व निवृत्त पोलीस बांधवांनी आठवड्यातून एक तास शिकविले, तरी मोठे कार्य होईल. महाराष्ट्र पोलिसांच्या ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ या ब्रीदात सज्जनांचे रक्षण आधी आहे, दुर्जनांचे निर्दालन नंतर. अंगावर वर्दी चढविणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलामुलीने हा क्रम कधीही विसरू नये.