माणसं निघून गेली, मोजणी चालू राहिली

आज आपण जाणार आहोत अंटार्क्टिकाला, हॅली नावाच्या ब्रिटिश संशोधन केंद्रावर. या गोष्टीचा हिरो आहे एक कंटाळवाणं काम: तेच माप, त्याच जागी, वर्षानुवर्षं घेत राहणं.

१९५६ साली समुद्रावर तरंगणाऱ्या ब्रंट नावाच्या बर्फाच्या थरावर हॅलीचा तळ उभा राहिला. तिथे डॉबसन नावाचं यंत्र होतं. ओझोन काही अतिनील किरणं जास्त शोषतो, काही कमी. सूर्यप्रकाशातला तो फरक मोजला, की डोक्यावर किती ओझोन आहे ते कळतं. माणसं हे आकडे हाताने कागदावर लिहायची. बरीच वर्षं त्यात सनसनाटी असं काहीच नव्हतं.

मग जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी त्या नोंदी नीट लावून पाहिल्या. ऑक्टोबरमधला ओझोन सुमारे ३०० डॉबसन एककांवरून २०० पर्यंत घसरला होता! मे १९८५ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला आणि दोनच वर्षांत, १९८७ ला, माँट्रियल करार झाला. फ्रिज आणि स्प्रेमधले सीएफसी वायू हद्दपार व्हायला लागले. विचार करा, जुने आकडेच नसते तर घसरण दिसली असती का?

आता ट्विस्ट. ज्या बर्फावर हॅली उभं होतं, त्यालाच भेगा पडल्या. अख्खं केंद्र २३ किलोमीटर आत सरकवलं, पण ते काम चालू असतानाच ऑक्टोबर २०१६ मध्ये आणखी एक नवी भेग सापडली. तिथे हिवाळ्यात शंभराहून जास्त दिवस सूर्य उगवत नाही. अशात बर्फ तुटला तर माणसांना बाहेर काढणं महाकठीण. म्हणून २०१७ पासून हिवाळ्यात केंद्र रिकामं ठेवायचं ठरलं.

पण गोची बघा: ओझोनचं छिद्र मोठं होतं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. आणि माणसं परततात त्यानंतर! म्हणजे नेमकं महत्त्वाच्या वेळी मोजायला कुणीच नाही.

उपाय काय? छोट्या जेट इंजिनासारखं एक टर्बाइन बसवलं. २०१९ च्या हिवाळ्यात ते एकट्याने वीज पुरवत राहिलं. हवामान, ओझोन वगैरे मोजणाऱ्या यंत्रांचा डेटा उपग्रहावरून थेट ब्रिटनला. काही बिघडलं तर दुरुस्तीला तिथे चिटपाखरूही नाही.

आणि भीती खोटी नव्हती. जानेवारी २०२३ मध्ये ब्रंटचा १,५५० चौरस किलोमीटरचा तुकडा तुटला, मुंबईच्या दुपटीहून मोठा. हॅली वाचलं.

शास्त्रज्ञांच्या अंदाजाने अंटार्क्टिकावरचा ओझोन १९८० च्या पातळीवर यायला साधारण २०६६ उजाडेल. आज विशीत असलेले तुम्ही तेव्हा साठीत असाल. जखम खरंच भरली का, हे तेव्हा सांगता यायला हवं. त्यासाठी तोवर ही मोजणी चालू राहायला हवी, माणूस असो वा नसो.

भेटूया पुढच्या भागात!