वारा एकीकडे, होडी दुसरीकडे

मत कोणाला द्यायचं हे माणूस नेमकं ठरवतो कसं, या विषयावर निवडणुकीच्या दिवसांत आमच्या बँकेत डबा खाताना हमखास वाद होतो. हेडकॅशियर म्हणतात, "उमेदवार बघावा." शिपाई म्हणतो, "पक्ष बघावा." मॅनेजरसाहेब म्हणतात, "घड्याळ बघा, अडीच वाजले."

मी पडलो बी. कॉम. आमच्या कॉमर्सच्या पुस्तकातला माणूस फार शहाणा असतो. भाजी घेताना, लग्न करताना, मत देताना तो डाव्या बाजूला तोटा मांडतो, उजव्या बाजूला नफा मांडतो आणि बेरीज करून निर्णय घेतो. असा एक तरी माणूस काउंटरपलीकडे यावा म्हणून मी वीस वर्षं वाट पाहतो आहे.

अमेरिकन माणूस तरी हिशेबी असेल, असं तुम्ही म्हणाल. तिथल्या पंडितांनाही तेच वाटलं होतं. 1940 साली रूझवेल्ट आणि विल्की यांच्यात अध्यक्षपदाची लढत झाली, तेव्हा पॉल लाझर्सफेल्ड नावाचे प्राध्यापक आपली माणसं घेऊन ओहायो राज्यातल्या ईरी सरोवराच्या काठच्या एका कौंटीत तळ ठोकून बसले. निवडलेल्या सहाशे मतदारांना मे ते नोव्हेंबर दर महिन्याला विचारायचं, "काय, ठरलं का?" आपल्याकडे इतक्या वेळा उधारीही कोणी मागत नाही.

निष्कर्ष निघाला तो मोठा गमतीचा. जवळजवळ निम्म्या लोकांचं मे महिन्यातच ठरलेलं होतं. आणि विल्कीची उमेदवारी जाहीर झाली जूनअखेर! म्हणजे मुलगी बघायच्या आधीच साखरपुडा. भाषणं ऐकून एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेलेले शंभरात जेमतेम आठ. बाकीच्यांचं मत बापाच्या, शेजाऱ्याच्या, देवळातल्या सोबत्याच्या मतासारखंच निघालं. रेडिओपेक्षा ओळखीच्या माणसाचं बोलणं भारी पडलं. आपल्याकडे याला 'गावकी' म्हणतात आणि ती कळायला प्राध्यापक लागत नाही.

पण मग गावकीचं ठरतं कसं? त्यासाठी ओहायो सोडून आमच्या न्हावा शेव्याला यायला हवं. आज न्हावा शेवा म्हटलं की लोकांना कंटेनर आठवतात. 2024 पासून अटल सेतू झाल्यामुळे शिवडीहून गाडीनं थेट समुद्रावरून येता येतं. पण न्हावा आणि शेवा ही मुळात दोन गावं. मिठागरं, भातशेती आणि मासेमारी यांवर जगणारी.

हा भाग तेव्हा कुलाबा लोकसभा मतदारसंघात होता. मुंबईतला कुलाबा नव्हे. 1981 साली जिल्ह्याचं नाव रायगड झालं, तरी मतदारसंघ पुढं पंचवीस-एक वर्षं कुलाबाच राहिला. सरकारी पाटी बदलायला वेळ लागतो.

या कुलाब्यानं 1952 साली लोकसभेत कोणाला पाठवलं? सी. डी. देशमुखांना! आम्हा बँकवाल्यांचा मूळपुरुषच म्हणा. आय. सी. एस. परीक्षेत पहिला, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर, देशाचा अर्थमंत्री, शिवाय महाडजवळच्या नाते गावी जन्मलेला. नोटेवर ज्याची सही होती त्याला मत द्यायचं, याहून खात्रीचा व्यवहार कुठला? मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढायचा घाट घातला गेला तेव्हा 1956 साली देशमुखांनी अर्थमंत्रिपदावर पाणी सोडलं. 1957 च्या निवडणुकीत कुलाब्यानं त्यांच्या पूर्वीच्या काँग्रेसला बाजूला सारून शेतकरी कामगार पक्षाचे राजाराम राऊत निवडून दिले. म्हणजे 1952 साली माणूस पाहिला आणि 1957 साली प्रश्न पाहिला. आमचे हेडकॅशियर आणि शिपाई दोघेही नापास.

आता 1984. तेव्हा मी पाळण्यात असल्यानं माझं मत फक्त दुधाच्या बाटलीपुरतं होतं. न्हावा शेव्याला नवं बंदर होणार होतं आणि त्यासाठी जमिनी घेतल्या जात होत्या. बंदर नको असं शेतकरी म्हणत नव्हते. रास्त भाव द्या म्हणत होते. पुढारी होते शेकापचे दि. बा. पाटील. 16 जानेवारीला दास्तान फाट्याजवळ आणि 17 ला नवघरला पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसं मेली. इथं विनोद थांबतो, आणि थांबायलाच हवा.

त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली आणि डिसेंबरात लोकसभेची निवडणूक लागली. सहानुभूतीची लाट अशी उसळली की काँग्रेसच्या देशभरात चारशेवर जागा आल्या. महाराष्ट्रातल्या 48 पैकी 43. उरलेल्या पाचांत एक कुलाबा होता. निवडून आले दि. बा. पाटील.

आमच्या काउंटरवर पेन्शनीसाठी येणाऱ्या एका जुन्या खातेदाराला मी सहज विचारलं, "आजोबा, अख्खा देश एकीकडे गेला, तुम्ही दुसरीकडे कसे गेलात? कसं ठरवलंत?" पासबुक घडी करून खिशात ठेवत ते म्हणाले, "बाईंचं वाईट आम्हालापण वाटलं रे. पण त्या वर्षी ठरवायचं काय शिल्लक होतं? जानेवारीतच ठरलेलं होतं."

ओहायोचे लोक मेपर्यंत तरी थांबले होते.

पण म्हणून मतदार एकदा ठरवला की जन्माचा बांधला जातो, असंही नाही. 26 मे 1989 रोजी बंदर सुरू झालं. त्याच वर्षअखेरच्या निवडणुकीत देशभर काँग्रेसची 197 जागांवर घसरगुंडी झाली, आणि नेमक्या त्याच वेळी कुलाब्यानं काँग्रेसचे अंतुले निवडून दिले! वारा पुन्हा एकीकडे, होडी पुन्हा दुसरीकडे. कारणं पुष्कळ असतील. अंतुले याच जिल्ह्यातले, म्हसळ्याकडचे. जिल्ह्याला रायगड हे नाव मिळालं तेही त्यांच्याच मुख्यमंत्रिपदाच्या काळात. दिल्लीत काय चाललंय यापेक्षा आपल्या दारात काय चाललंय ते बघायची इथली सवय मात्र तीच.

दारात तरी काय होतं? जमीन गेलेल्यांना पुढं साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. बँकेत साडेबारा टक्के म्हटलं की व्याज वाटतं. इथं ते मुद्दलातलं परत आलेलं होतं, तेही अनेकांना फार खेटे घातल्यावर. मूळ शेवा गावच्या कोळ्यांना हनुमान कोळीवाडा म्हणून नवी वसाहत दिली, तर तिथल्या घरांना वाळवी लागली. समुद्राशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजलेली माणसं वाळवीशी झुंजत राहिली. हा हिशेब कुठल्याच पक्षाच्या जाहीरनाम्यात पुरा मिटलेला दिसत नाही.

2009 पासून उरण मावळ मतदारसंघात गेलं. म्हणजे खाडीकाठचा कोळी आणि घाटावरचा चिंचवडकर मिळून एक खासदार निवडतात. आता यांचं कसं ठरतं हे शोधायला कोणी प्राध्यापक दर महिन्याला येणार असतील, तर त्यांना एक सूचना. इथला माणूस दारात आलेल्या प्रत्येक उमेदवाराला पाणी देतो, चहा देतो आणि हसून सांगतो, "तुमचंच काम." सगळ्यांना. त्यावर जाऊ नका. गेल्या चार-पाच वर्षांत त्याच्या दारात काय आलं आणि दारातून काय गेलं, तेवढं विचारा. आणि बंद होण्याच्या वेळेला आमच्या बँकेत येऊ नका. तेव्हा आम्ही जुळवणीत असतो.