मांडवातला केक आणि आपलं धोंडस

गेल्या मे महिन्यात आमच्या रेडीत घरचंच एक लग्न होतं. अक्षता पडल्या, जेवणाच्या पंगती सुरू झाल्या आणि मांडवात तीन मजली पांढराशुभ्र केक आला. बाहेरून मागवलेला. बाजूच्या टेबलावर रुखवत मांडलेलं होतं, पण सगळ्या पोरी मोबाईल घेऊन केककडे धावल्या. दुपारची वेळ, पंखे नावाला. अर्ध्या तासात वरचा मजला एका अंगाला कलला आणि क्रीम ओघळायला लागलं. नवरा-नवरीने घाईघाईने सुरी लावली, तर खालचे दोन मजले थर्माकोलचे! वऱ्हाडी हसले. नवरीच्या आईच्या चेहऱ्याकडे मात्र मला बघवेना, कारण केकचे पैसे तिनेच भरले होते आणि ते सगळ्या रुखवताच्या खर्चापेक्षा जास्त होते.

तेव्हापासून डोक्यात एकच विचार होता. हा केक लग्नात आला कुठून आणि त्याचे मजले खोटे कधीपासून झाले?

लग्नात धान्याचा पदार्थ असणं काही नवं नाही. जुन्या रोममध्ये एका प्रकारच्या लग्नविधीत गव्हाच्या जातीच्या धान्याची पोळी देवाला वाहून नवरा-नवरी ती वाटून खात. इंग्लंडमध्ये पुढे मनुका-बेदाणे घातलेला जड केक लग्नात आला. 1769 साली एलिझाबेथ रॅफल्ड नावाच्या बाईने पाककृतींचं पुस्तक काढलं. आधी दुसऱ्याच्या घरी कारभारीण म्हणून राबलेली ही बाई, मग मँचेस्टरला स्वतःचं दुकान चालवलं. तिच्या पुस्तकात नवरीच्या केकवर आधी बदामाचा आणि वर साखरेचा लेप द्यायची कृती आहे. आजच्या लग्नाच्या केकचं मूळ रूप ते हेच.

पांढऱ्या रंगाचं एवढं कौतुक का? कारण त्या काळी स्वच्छ पांढरी साखर महाग होती. जितका लेप पांढरा, तितका घरात पैसा. गंमत अशी की तिकडचा ‘शुगर’ हा शब्द आपल्या ‘शर्करा’वरून फिरत फिरत गेलेला. 1840 मध्ये व्हिक्टोरिया राणीचं लग्न झालं, तेव्हाचा केक सुमारे 300 पौंडांचा, म्हणजे जवळजवळ 136 किलोचा होता. त्यावरच्या कडक साखरलेपाला आजही ‘रॉयल आयसिंग’ म्हणतात. 1858 मध्ये तिच्या मुलीच्या लग्नात उंच मजल्यांचा केक झाला, पण खरा केक फक्त तळाला, वरचं सगळं नुसतं साखरेचं बांधकाम! सगळे मजले खाण्याजोगे असलेला केक 1882 मध्ये राणीच्या धाकट्या मुलाच्या, लिओपोल्डच्या लग्नात झाला. दुसऱ्या महायुद्धात साखरेची टंचाई झाली, तेव्हा 1940 मध्ये सरकारने केकवर साखरेचा लेप द्यायलाच बंदी केली. मग लोक पुठ्ठ्याचा सजवलेला केक भाड्याने आणत आणि त्याच्या आत लहानसा साधा केक ठेवत. म्हणजे आमच्या मांडवातलं थर्माकोल हे राजघराण्यापासून चालत आलेलं आहे म्हणायचं! फरक एवढाच, की तिकडे पुठ्ठा असतो हे पाहुण्यांना ठाऊक होतं.

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. तिथल्या ख्रिस्ती घरांत नवरीबरोबर सासरी गोडधोडाचं ‘वजें’ जातं. आपल्या ‘ओझं’चाच हा भाऊ. त्यात दोदोल असतो, चणाडाळीचं दोस असतं आणि ‘बोल’ असतो. हा बोल म्हणजे गूळ-खोबऱ्याचा गोल केक. जुन्या पद्धतीत पीठ फुगवायला माडाची ताडी घालत. त्यावर ना पांढरा लेप, ना मजले. तो शेजारीपाजारी तुकडे करून वाटायचा, नवरीच्या माहेरची चव सगळ्या वाड्यात पोचवायची, एवढंच त्याचं काम. बिबिंकही तसाच. एकेक थर ओतायचा आणि झाकणावर निखारे ठेवून वरच्या आचेवर भाजायचा.

झाकणावर निखारे म्हटल्यावर तुम्हाला काय आठवलं? धोंडस! तवशाचा कीस, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं, वेलची. जाड बुडाच्या टोपात घालून खाली मंद आग आणि वरच्या झाकणात निखारे. भट्टी नव्हती, ओव्हन नव्हता, तरी आपल्या आज्या केक भाजत होत्या. अंडं नाही, सोडा नाही. आमच्या वाडीतल्या एका आजीला मी केकचा तुकडा दिला, तर म्हणाली, “ह्यां तर आमचां धोंडस गो, वर साखर फासलेलां!”

आणि सजावट म्हणाल तर आपलं रुखवत काय कमी होतं? सुपारीचे भटजी, सुपारीचे नवरा-नवरी, रंगवलेल्या खोबऱ्याच्या वाट्या, ताटाएवढ्या करंज्या. केकच्या डोक्यावर उभे राहणारे बाहुला-बाहुली आमच्याकडे टेबलावर आधीच उभे होते. ते नवरीच्या मावश्या-काकवांनी दुपारी बसून केलेले असत.

मी केकच्या विरोधात नाही. आपल्या गटातल्या कितीतरी जणी आता केक शिकल्या आहेत, त्यातून चार पैसे मिळतात. सध्याच्या तऱ्हाही त्यांना माहीत आहेत. लेप अर्धवट ठेवून आतला केक दिसू देणारे, खऱ्या फुलांनी सजवलेले, फोटो छापलेले, बिनअंड्याचे. त्यातला अर्धवट लेपाचा प्रकार मला आपल्याकडे बरा वाटतो, कारण क्रीम कमी तर वितळायची भीती कमी. फाँडंट, म्हणजे साखरेची चादर, फ्रिजमधून काढून आपल्या दमट हवेत ठेवली की तिला घाम फुटतो आणि ती चिकट होते. मे महिन्याची ऑर्डर घेताना केक कुठे ठेवणार, किती वाजता कापणार, हे आधी विचारा. फुलं खाण्याजोगी नसतील तर देठ केकमध्ये खुपसू नका. खोटा मजला घालायचा असेल तर घरच्यांना तसं सांगा आणि पैसे खऱ्या केकचेच घ्या. आणि केक नवरीकडच्यांनीच आणायचा, हा नियम कोणी घातला? हुंड्याला कायद्याने बंदी झाली 1961 मध्ये. त्याच्या जागी अशा नव्या गोष्टी नवरीच्या बापाच्या यादीत हळूच शिरतात.

धोंडसाचा मजली केक लग्नाला करावा, असं आमच्या गटात एकीने सुचवलं. पण तवशी पावसाळ्यातली आणि आपली लग्नं उन्हाळ्यात. म्हणून आधी तुळशीच्या लग्नाला करून बघितलं. दोन टोप, एक मोठा, एक लहान. मोठ्यावर लहान ठेवला, भोवती झेंडूची माळ, वर सुपारीचे नवरा-नवरी. लहान टोपातलं बुडाला थोडं करपलं. तुळशीपुढे पोरांनी ते कापलं आणि करपलेला भाग सगळ्यात आधी संपला. आता मे महिन्यासाठी फणसाच्या रसाचं करून बघणार आहोत.