पालकांचं मत शोधायचं कुठे? सोलापूर, १९२५

शाळेबद्दल पालकांचं मत आज हवं असेल तर प्रश्नावली छापायची, वाटायची, गोळा करायची. पण शंभर वर्षांपूर्वीचं मत हवं असेल तर? 'शाळा' हा विषय घेणारे बरेच जण शिक्षण खात्याच्या वार्षिक अहवालांपाशीच अडकतात. त्यांत पटसंख्या असते, अनुदान असतं, तपासणीचे शेरे असतात. मुलगा आणि त्याचे आईबाप मात्र क्वचितच दिसतात.

सोलापूरचं एक उदाहरण घेऊ. डॉ. आंबेडकरांच्या पुढाकाराने २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. ४ जानेवारी १९२५ पासून तिने सोलापुरात अस्पृश्य मानलेल्या समाजांतल्या हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह चालवलं. जेवण, कपडे, वह्या-पुस्तकं सभेकडून, आणि सोलापूर नगरपालिकेचं महिन्याला ४० रुपये अनुदान. चरित्रांत हे दोन ओळींत उरकलेलं असतं, पण त्या दोन ओळींवर जरा थांबा. सभेने इथे नवं हायस्कूल काढलं नाही. तिने पैसे घातले ते राहणं, दोन वेळचं जेवण आणि अंगावरचे कपडे यांवर. मला तर ही खर्चाची यादी पालकांच्या अडचणींची यादी म्हणूनच वाचावीशी वाटते.

आता शेजारी दुसरा कागद ठेवा. सोलापूर तेव्हा कापड गिरण्यांचं शहर होतं. १९२२ च्या फॅक्टरी कायद्याने १२ वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात कामाला लावायला बंदी केली, आणि १२ ते १५ वयाच्या मुलांना दिवसाला ६ तासांची मर्यादा घातली. म्हणजे मुलगा हायस्कूलच्या उंबऱ्याशी यायचा, नेमका तेव्हाच गिरणीचा दरवाजाही त्याला उघडायचा. हातातोंडाची गाठ असलेल्या घराने अशा वयाचा मुलगा शिकायला ठेवला, तर त्याच्या मजुरीवर पाणी सोडूनच. हे मत कुणी लिहून दिलेलं नाही, पण फुकटातलंही नाही!

उलट बाजूने मात्र जपून. मुलगा शाळेतून गळाला म्हणजे घरच्यांना शाळा नको होती, असा निष्कर्ष काढू नका. भूक, आजारपण, वर्गात मिळणारी वागणूक, कारण काहीही असो, हजेरीपटावर खूण गैरहजेरीचीच पडते.

मुलांचं काय? सभेच्या उपक्रमांत विद्यार्थ्यांचं 'सरस्वती विलास' नावाचं मासिकही होतं. असं मासिक वाचताना ते संस्थेच्या छायेत लिहिलंय हे ध्यानात ठेवायचं, आणि तरीही मुलांनी स्वतःहून कोणते विषय निवडले ते बघायचं. शाळेची स्तुती किती केली यापेक्षा मला ते जास्त बोलकं वाटतं.

थेट कागदावर उतरलेलं मत सापडतं ते अर्जांमध्ये. त्यासाठी सुमारे ७० वर्षं मागे, त्याच मुंबई इलाख्यातल्या धारवाडला जाऊ. जून १८५६ मध्ये एका महार मुलाला तिथल्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून सरकारकडे अर्ज आला. २१ जुलैच्या ठरावात सरकारने म्हटलं की निव्वळ न्याय पाहिला तर तो मुलाच्या बाजूने आहे, पण एकट्यादुकट्यासाठी पिढ्यान्‌पिढ्यांच्या समजुतींत हात घातला तर शिक्षणाच्या कामाचंच बहुधा मोठं नुकसान होईल. प्रवेश नाकारला.

या एका प्रकरणात दोन मतं आहेत. एक अर्जदाराचं, जे कुणीतरी कागद, शाई आणि धाडस खर्चून मांडलं. दुसरं बाकीच्या पालकांचं, जे सरकारने त्यांच्या वतीने गृहीत धरलं. आणि पारडं झुकलं ते गृहीत धरलेल्या मताकडे.

म्हणून जुन्या पत्रव्यवहारात 'लोकांची भावना' असा शब्द आला की समासात लिहा: कुणाची, आणि विचारलं कुणी? असे कागद बघायचे तर मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात शिक्षण खात्याचे खंड मागा. फायलीत आधी मूळ अर्ज वाचा, अधिकाऱ्यांचे शेरे नंतर.