मुदत खरेदीपासून सिबिलपर्यंत

घरासाठी कर्ज मागणाऱ्याच्या कागदांत किमान तीस वर्षं मागे जायचं, हा आमच्या धंद्याचा नियम. बँका सर्च रिपोर्ट मागतात आणि आम्ही वकील दुय्यम निबंधक कार्यालयात सूची क्रमांक दोन चाळतो. पूर्वी जाडजूड वह्यांमधून, आता संगणकावर. तीसच का, तर १९६३ च्या मुदत कायद्याने गहाण सोडवण्याचा दावा लावायला तीस वर्षं दिली आहेत. त्याआधीच्या १९०८ च्या कायद्यात साठ होती. आजोबांनी गहाण टाकलेला वाडा नातू सोडवून घेऊ शकत असे.

पुण्यात हे काम करताना मी नियमापेक्षा पुष्कळ मागे गेले आहे. पेठेतली जुनी मिळकत असली की मोडीतले दस्त निघतात. ते मोडी वाचणाऱ्याकडे न्यायचे, लिप्यंतर करून घ्यायचं आणि मग रात्री घरी बसून वाचायचे. बँकेला त्यातलं काही नको असतं. मला हवं असतं. कर्ज देणाऱ्याने माणसाची पत कशी मोजली आणि त्या मोजणीचा खर्च कुणाच्या माथी मारला, हे त्या कागदांत स्पष्ट लिहिलेलं असतं.

जुन्या दस्तांत मला सर्वांत जास्त छळतो तो मुदत खरेदीचा. घर इतक्या रुपयांना विकलं; अमुक वर्षांत पैसे परत केले तर घर परत, नाही तर खरेदी कायम. पुष्कळदा त्याच दिवशी दुसरा कागद होई, भाडेचिठ्ठीचा. कालपर्यंतचा मालक आपल्याच घरात भाडेकरू म्हणून राहायचा आणि भाडं म्हणून जे भरायचा ते खरं तर व्याज असायचं. मुद्दल तसंच. १९२९ साली मालमत्ता हस्तांतरण कायद्यात दुरुस्ती झाली: परत देण्याची अट खरेदीच्याच दस्तात नसेल तर तो व्यवहार गहाण मानायचा नाही. हेतू चांगला होता, वाद कमी व्हावेत. पण ज्याला वाचता येत नव्हतं, त्याला एक कागद आणि दोन कागद यांतला फरक कोण सांगणार? परत देण्याचा शब्द वेगळ्या चिठ्ठीवर गेला की घर सोडवण्याचा हक्कही गेला.

कर्जाच्या कागदावरचा राग आपल्याकडे एकदा उघड पेटलेला आहे. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरं आणि दुकानं गाठली. मग हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरलं. जमावाला हवे होते ते रोखे, गहाणखतं, हुकूमनामे. ते हाती आले की जाळले. माणसांच्या जिवावर उठल्याचे प्रसंग फार थोडे. लोकांचं वैर कागदाशी होतं, कारण कागदात काय लिहिलंय हे त्यांना कळत नव्हतं आणि कोर्टाला फक्त कागदच कळत होता.

व्याज जड होतंच, पण व्याजाच्या आधी जे कापलं जाई तेही कमी नव्हतं. मनोती नावाची रक्कम पेशवाईपासून चालत आलेली होती. कर्ज देतानाच सावकार ती वरची कापून घ्यायचा. हातात पडायचे कमी आणि व्याज चालायचं पूर्ण रकमेवर. आज मंजुरीपत्रावर प्रोसेसिंग फी, लीगल फी, व्हॅल्युएशन फी अशा ओळी दिसतात. आजच्या फीचा दर लहान आहे आणि तिची पावती मिळते, हा फरक मी मान्य करते. पण ती घेतली जाते त्याच क्षणी, म्हणजे माणूस सर्वांत अडलेला असतो तेव्हा, आणि कर्ज नामंजूर झालं तरी सर्च आणि व्हॅल्युएशनचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत.

१८७५ च्या दंग्यांनंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट आला. सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. माझ्या दृष्टीने हा आपल्याकडचा सर्वांत शहाणा कर्जकायदा. न्यायाधीशाने रोख्यावरच्या आकड्यावर थांबू नये, व्यवहाराच्या मुळापर्यंत जावं, मुद्दल आणि व्याज वेगळं मांडावं, असं त्याने सांगितलं. कर्जदाराला पावती, वार्षिक हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला. महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं. या कायद्याने कर्ज आटलं अशी तक्रार तेव्हाही झाली. ती खोटी नसावी. धनकोला हिशेब दाखवायला लावलं की तो हात आखडता घेतो, हे मी आजही पाहते. त्यावर उपाय हिशेब लपवू देणं हा खचित नाही.

शहरात घर घेण्याची वाट मात्र सावकाराकडून फुटली नाही, ती सहकारातून फुटली. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने गल्ल्या पाडल्या, नव्या वसाहती आखल्या. भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कारकून-शिक्षकांपुढे प्रश्न होता, जमीन दिसते पण पैसे एकट्याकडे नाहीत. राव बहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी १९१५ साली गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी केली. सभासदांनी भाग घ्यायचे, सोसायटीने कर्ज काढून इमारत बांधायची आणि राहणाऱ्यांनी महिन्याला भरून ती फेडायची. इथे पत मोजली गेली ती ओळखीने. कोण कुठे नोकरीला आहे, कुणाच्या घरी किती तोंडं आहेत, हे सगळ्यांना ठाऊक. ज्ञातीच्या बाहेरचा माणूस मात्र त्या मोजणीत सहसा बसत नसे. सहकारी गृहसंस्थांचं कौतुक करताना ही बाजू आपण वगळतो. ओळखीची पत ज्याला ओळख आहे त्यालाच मिळते.

स्वातंत्र्यानंतर बराच काळ सामान्य माणसाचं घर भविष्यनिर्वाह निधी, बायकोचे दागिने, सरकारी नोकराला मिळणारी घरबांधणी अगाऊ रक्कम आणि निवृत्तीच्या वेळचे पैसे यांवर व्हायचं. म्हणून तर पन्नाशी उलटल्यावर घर, हे आपल्या आईवडिलांच्या पिढीचं चित्र. हे चित्र बदललं ऑक्टोबर १९७७ मध्ये. आयसीआयसीआयमधून निवृत्त झालेले हसमुखभाई पारेख यांनी मुंबईत एचडीएफसी काढली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. नोकरी लागल्यावर घर घ्यावं आणि राहता राहता फेडावं, हा त्यांचा विचार. पहिलं कर्ज १९७८ चं. त्यानंतर १९८८ साली नॅशनल हाउसिंग बँक आली आणि बाकीच्या कंपन्याही उतरल्या.

पारेखांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्या पहिल्या दिवसापासून या धंद्याने डोळ्यांसमोर धरला तो पगारदार माणूस. त्याला कारण होतं. थकलेल्याच्या घराचा ताबा कोर्टातून घ्यायला वर्षं लागत. कोर्टात न जाता ताबा घेऊ देणारा सरफेसी कायदा आला तो थेट २००२ मध्ये. घराचा भरवसा नाही म्हटल्यावर धनको पगारपत्रकावर विसंबला, शिवाय दोन जामीनदार. रिक्षावाला, भाजीवाली, विडी वळणारी, प्लंबर हे सगळे बाहेर राहिले. त्यांचं उत्पन्न कमी होतं म्हणून सगळे वगळले गेले असं नाही. त्यांच्या उत्पन्नाला कागद नव्हता.

त्या काळातली एक गोष्ट नव्या वाचकांना खरी वाटत नाही. व्याज वार्षिक पद्धतीने मोजलं जाई. हप्ता दर महिन्याला घ्यायचे, पण मुद्दलातून वजा करायचे वर्षाच्या शेवटी. एप्रिलमध्ये भरलेल्या पैशावर मार्चपर्यंत व्याज चालू. नव्वदच्या दशकात दर पंधरा टक्क्यांच्या आसपास असताना याचा अर्थ काय, तो हिशेब वाचकांनीच करावा. मुदतीआधी फेडलं तर दंड वेगळा. तो तरत्या दराच्या गृहकर्जांवर बंद करण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने बँकांना दिला तो २०१२ मध्ये.

मग आकडा आला. कर्जदारांची पतमाहिती गोळा करणाऱ्या सिबिलची स्थापना २००० सालची, पतमाहिती कंपन्यांचा कायदा २००५ चा, आणि ३०० ते ९०० मधला स्कोअर त्यानंतर. सुरुवातीला तो बँकेलाच दिसायचा. आपला स्कोअर आपल्याला मागता यायला २०११ उजाडलं. जामीनदार शोधत नातेवाइकांच्या पाया पडणं बंद झालं, हे त्याचं मोठं श्रेय. साहेबाच्या मर्जीलाही चाप बसला. पण ऑक्टोबर २०१९ पासून बँकांचं नवं गृहकर्ज बाह्य दराला जोडलं गेलं आणि वरच्या टक्केवारीत स्कोअरनुसार पायऱ्या पडल्या. आता आकड्यावर फक्त हो-नाही ठरत नाही, वीस वर्षांचा हप्ता ठरतो.

माझ्याकडे एका खाणावळवाल्या बाईंची फाइल आली होती. घरभाडं कधी चुकवलं नव्हतं, भिशी कधी बुडवली नव्हती, बचतगटाचं पुस्तक चोख. स्कोअर मायनस वन, म्हणजे इतिहासच नाही. बँकेने हात वर केले. त्यांना शेवटी कर्ज मिळालं ते एका गृहवित्त कंपनीकडून, बँकेपेक्षा बऱ्याच चढ्या दराने, फीही जास्त. त्यांनी कधीच काही बुडवलं नव्हतं. जिथे भरलं तिथे कुणी नोंदवून घेतलं नव्हतं. निव्वळ पतइतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने २०२५ साली बजावलं आहे. ते आधी झालं असतं तर त्यांचा हप्ता वेगळा असता.

यावर वाद आहेच. कच्च्या पतवाल्याचा भार पक्क्या पतवाल्याने का उचलावा? अमेरिकेत २०२३ च्या मे महिन्यात धनकोंकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या संस्थांच्या फीचं कोष्टक बदललं तेव्हा हाच गदारोळ झाला. तिथेही, तेवढीच रक्कम पदरची घालणाऱ्या दोघांत, कमी स्कोअरवाला जास्त फी भरतच राहिला. दोघांमधलं अंतर थोडं कमी झालं, इतकंच. माझं मत स्पष्ट आहे. जोखमीची किंमत घ्यावी, पण जोखीम मोजायला भाडं, वीजबिल, बचतगट यांच्या नोंदी धरल्यावाचून घेतलेली किंमत न्याय्य नाही.

आणि स्कोअर उत्तम असला तरी दारात उभा असतो तो रोख रकमेचा प्रश्न. पुण्यात ४० लाखांचं तयार घर धरा. नियमाप्रमाणे बँक जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे ८ लाख पदरचे. मुद्रांक शुल्क ७ टक्के, २ लाख ८० हजार. नोंदणी ३० हजार. एकूण ११ लाख १० हजार, किल्ली हातात येण्याआधी, आणि आम्हा वकिलांची फी वेगळीच. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च घराच्या किमतीत धरायचा नाही, हे २०१२ पासूनचं बंधन. २०१५ मध्ये ते शिथिल झालं फक्त १० लाखांपर्यंतच्या घरांना. पुण्यात १० लाखांचं घर कुठे आहे ते मला दाखवावं. खरेदी बाईच्या नावावर असली तर शुल्कात एक टक्का सूट २०२१ पासून आहे, ती घ्याच.

१८७९ च्या पासबुकाचा हक्क आता पुन्हा वेगळ्या रूपात आला आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जाबरोबर की फॅक्ट स्टेटमेंट देणं बंधनकारक आहे. सर्व फी धरून वर्षाला खरा दर किती पडतो, ते त्यात लिहिलेलं असतं, आणि ते तुम्हाला समजेल अशा भाषेत द्यावं लागतं. त्यात नसलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीवाचून नंतर लावता येत नाही. सही करण्याआधी ते मागा आणि दोन ठिकाणचं शेजारी ठेवून वाचा. वर्षातून एकदा पतअहवाल फुकट मिळतो, तो काढा, चूक असेल तर लेखी कळवा. कर्ज फिटलं की मूळ दस्त तीस दिवसांत परत मिळाले पाहिजेत. उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. २०१३ पासून मूळ दस्त ठेवून घेतलेल्या कर्जाची सूचना दुय्यम निबंधकाकडे दाखल होते, तेव्हा फेडीनंतर तिथली नोंद आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांतला बोजाही कमी करून घ्या. ते राहून गेलेले दस्त माझ्याकडे दर महिन्याला येतात, आणि बहुतेकांत कर्ज फेडणारा आता हयात नसतो.