वनौषधींची लोकनामे आणि एक अनामिका

वनौषधींची लोकनामे म्हणजे युरोपीय वैद्यकाचा एक अलिखित ग्रंथच होय. विद्यापीठांत ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांचे पठण चाले. झाडपाल्याची प्रत्यक्ष ओळख मात्र बहुधा खेड्यांतील स्त्रियांना असे. केंब्रिजमध्ये शिकत असताना वैद्यांकडूनही एकाही वनस्पतीचे नाव आपणास कळू शकले नाही, अशी तक्रार विल्यम टर्नर याने नोंदवून ठेवली आहे. पुढे १५४८ मध्ये त्यानेच वनस्पतींच्या ग्रीक, लॅटिन, इंग्रजी, जर्मन व फ्रेंच नावांची सूची प्रसिद्ध केली.

या नावांत गुण, रूप आणि समजूत यांची सरमिसळ आढळते. ‘फीवरफ्यू’ म्हणजे ज्वर पळवणारी. मूळ लॅटिन शब्द लोकांच्या तोंडी झिजून असा झाला. ‘कॉम्फ्री’ला ‘निटबोन’, म्हणजे हाड सांधणारी, म्हणत. हिंदीत कांडवेलीला ‘हडजोड’ म्हणतात, त्यामागील दृष्टी हीच. ‘लंगवर्ट’ची ठिपकेदार पाने फुप्फुसासारखी दिसतात, म्हणून ती छातीच्या विकारांवर गुणकारी मानली गेली. येथे रूपावरून नाव आणि उपचार दोन्ही ठरले.

‘फॉक्सग्लव्ह’ची, म्हणजे ‘कोल्ह्याच्या हातमोजा’ची, कथा याहून गंभीर आहे. जर्मन लोक या फुलाला अंगुस्तान म्हणत. त्यावरून लेओनहार्ट फुक्स याने १५४२ मध्ये ‘डिजिटालिस’ हे लॅटिन नाव घडवले. लोकनाम असे शास्त्रात शिरले. औषधाचे ज्ञान मात्र मागेच राहिले. १७७५ मध्ये विल्यम विदरिंग या वैद्यापुढे श्रॉपशरमधील एका वृद्धेचा जलशोथावरील घरगुती काढा आला. त्यात वीसएक वनस्पती होत्या. त्यांतील गुणकारी ती हीच, हे त्याने ओळखले आणि दहा वर्षांच्या निरीक्षणांनंतर १७८५ मध्ये ग्रंथ लिहिला.

त्याच ग्रंथात एका फिरत्या व्यापाऱ्याची हकिकत आहे. दम्यावर उपाय म्हणून पत्नीने त्याला याच पानांचा मूठभर पाला उकळून पाजला. त्याची नाडी मिनिटाला चाळीसवर आली; तो मरता मरता वाचला. तिला औषध ठाऊक होते, मात्रा नव्हती. नाव ओळख देते, प्रमाण देत नाही. लोकज्ञानाचा गौरव करताना ही मर्यादा विसरून चालणार नाही.

तथापि ऋणाचा प्रश्न उरतोच. विदरिंगने मात्रा निश्चित केली, म्हणून त्याचे नाव इतिहासात राहिले. श्रॉपशरच्या त्या वृद्धेचे नाव त्याने लिहिलेच नाही. विसाव्या शतकात औषधाच्या एका जाहिरातीने तिला कल्पित नाव बहाल केले. ज्या परंपरेने पानापानाला नाव दिले, तिची ही प्रतिनिधी स्वतः मात्र अनामिकच राहिली.